ताईंची कोरी घरं

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीइतकी माणसांची वाटणी करणारी बाई अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही. इस्टेटीची नव्हे, माणसांची वाटणी. चार माणसं एका खोलीत बसलेली दिसली की ताईंचे हात शिवशिवतात. दोघांना एक द्यायचं, दोघांना दुसरं, आणि मग कोपऱ्यात वही घेऊन बसायचं नि काय होतं ते बघायचं. आमच्या घरी एकदा सगळ्यांना सर्दी झाली, तेव्हा त्या तुळस, गवती चहा, मिरे असं काय काय पिशवीत घालून आल्या. मला वाटलं, चला, आता काढा मिळणार. काढा मिळाला बायकोला आणि मुलीला. मला आणि माझ्या वडिलांना नुसतं गरम पाणी, तेही तसल्याच कपातून आणि तेवढ्याच गंभीरपणे. कारण विचारलं तर म्हणाल्या, “तुमी कोरे आहा, जवाईबापू. कोऱ्या माणसानं काई इचाराचं नसते.” दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी मीच बरा झालो. वहीत गरम पाण्याचा विजय नोंदला जाणार, इतक्यात माझ्या उशीखाली गोळ्यांचं पाकीट सापडलं. आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी गोळ्या घेतल्या याचं त्यांना काही नव्हतं. वही खराब झाली याचं दुःख होतं.

ताई मूळच्या नर्सबाई. तीस वर्षं त्यांनी आर्वीकडच्या टेकड्यांतली खेडी पायी तुडवली, पोलिओचे डोस पाजले, लेकरांच्या करंगळीला शाई लावली आणि दारोदार खडूने खुणा केल्या. नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांची बदली झाली आणि कुठल्याशा औषधाच्या चाचणीत त्यांना घरोघर फिरायला लावलं. तिथे त्यांना कळलं की काही लोकांना औषध द्यायचं, काहींना मुद्दाम द्यायचं नाही, आणि न दिलेल्यांवरूनच दिलेल्यांचं काय झालं ते कळतं. या एका गोष्टीने त्यांचं डोकं जे फिरलं ते आजतागायत जागेवर आलेलं नाही. निवृत्त होऊन त्या सावंगीला राहायला आल्या, तर पहिल्याच उन्हाळ्यात लोणच्याच्या बरण्यांची वाटणी झाली. अर्ध्या बरण्यांत मीठ नेहमीचं, अर्ध्यांत निम्मं. कुठल्या बरणीत कुठलं, ते लिहिलेला कागद तेलात पडला. त्या वर्षी आम्ही लोणचं खाल्लं ते नेहमी जरा बिचकत खाल्लं. वरच्या मजल्यावर डॉक्टरकी शिकणारी चार पोरं भाड्याने राहतात, त्यांतल्या दोघांना त्या सकाळी दार वाजवून उठवतात आणि दोघांना उठवत नाहीत. परीक्षेत काय फरक पडला, हे मला त्यांनी तीनदा समजावून सांगितलं. मला तिन्हीदा कळलं नाही.

तर अशा या ताईंच्या हाती मतदान लागलं, ते सिंदी रेल्वे या गावच्या एका लग्नात. पंगतीत त्यांच्या शेजारी एक नात्यातले मास्तर बसले होते. निवडणुकीच्या कामाला आपल्याला कुठे कुठे पाठवलं, हे ते सांगत होते. बोलता बोलता त्यांनी टेकडीपलीकडच्या एका गोंड वस्तीचं नाव घेतलं आणि म्हणाले, तिथे पुरुष येतात, पण बाया एकजात येत नाहीत. दिवसभर बसलो तरी बायांच्या रांगेत कोणी नाही. ताईंच्या हातातली पुरी हातातच राहिली. ती वस्ती त्यांची होती. तिथल्या एकाही लेकराचा डोस त्यांनी कधी चुकू दिला नव्हता. मास्तर म्हणाले, अडाणीपणा, दुसरं काय. समोरचे एक पुढारी म्हणाले, त्यांना समजतच नाही. ताई म्हणाल्या, “ज्याइले सुईचं समजलं त्याइले बटनाचं समजत नाई म्हणता?” आणि वरण-भात न घेताच उठल्या. मला आठवतं, कारण त्यांना घरी सोडायचं म्हणून मलाही न जेवता उठावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून मला बोलावणं आलं. निवडणुकीला अजून काही महिने होते. वस्तीतल्या प्रत्येक घराची एकेक चिठ्ठी आणि घरांचे तीन भाग. पहिल्या भागाला ताईंच्या हातचं पत्र जायचं. दुसऱ्या भागात त्या स्वतः जाऊन बोलायच्या. तिसरी घरं कोरी. त्यांच्याशी मताबद्दल चकार शब्द काढायचा नाही. नंतर मतदानाच्या दिवशी कुठल्या घरच्या बाया आल्या ते मोजायचं, म्हणजे बायांना बाहेर काढायचा उपाय हाती लागेल आणि तो साऱ्या जिल्ह्याला सांगता येईल. मी विचारलं, बोलून बाया येत असतील तर सगळ्यांशीच बोलायला काय हरकत आहे. ताईंनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने डब्यात हात घातला.

कोऱ्या घरांच्या चिठ्ठ्या काढताना एक चिठ्ठी माझ्या हाती लागली आणि ताईंचा चेहरा उतरला. ती मैनाबाईची होती. मैनाबाई म्हणजे त्या वस्तीची दाई, वस्तीतली निम्मीअधिक माणसं तिच्याच हातांवर जन्मलेली. ताई नोकरीला नव्या नव्या गेल्या तेव्हा त्यांना गोंडी येत नव्हती आणि मैनाबाईला नर्सची भीती वाटत नव्हती, एवढ्या भांडवलावर दोघींची जोडी जमली. कितीतरी बाळंतपणं त्यांनी मिळून केली. मी म्हटलं, ही चिठ्ठी परत टाकू, दुसरी काढू, कोणाला कळतंय. “चिठ्ठी एकदाच निघते,” ताई म्हणाल्या आणि वहीत मैनाबाईच्या नावापुढे कोरी चौकट काढली.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. स्कूटर माझी, पेट्रोल माझं, शास्त्र ताईंचं. ताईंनी जुन्या सवयीने दारांवर खडूच्या खुणा केल्या, पत्राच्या घराला गोल आणि बोलण्याच्या घराला गोलात टिंब. कोरी दारं कोरीच ठेवली. पहिल्याच दिवशी घोळ झाला. पत्र आलं म्हटल्यावर ते वाचून घ्यायला एका शिकलेल्या सुनेच्या अंगणात सगळी वस्ती गोळा झाली. ताई घाबरून एकेकीला ओळखून बाजूला काढू लागल्या, “तू कोरी आहे, तू घरी जाय, तुह्याशी मी बोलनार आहे, तुले पत्र आयकाचं नाई.” बाया हसायला लागल्या. सिस्टर म्हातारी झाली, असं एकीने म्हटलेलं मी ऐकलं, पण ताईंना सांगितलं नाही. पुढच्या खेपेला गेलो तर वस्तीतल्या प्रत्येक दारावर गोल. खडूचे, चुन्याचे, गेरूचे. सिस्टर दारावर खुणा करून गेली, म्हणजे घरकुलाची यादी निघाली असणार, असा सगळ्यांनी अर्थ लावला होता. एका म्हाताऱ्याने तर दोन गोल काढले होते, तेही ऑइलपेंटने, कारण त्याचे दोन मुलगे वेगळे निघाले होते. आता कुठलं घर पत्राचं आणि कुठलं बोलण्याचं, हे दारं बघून कळेना, आणि वहीत नावं होती तरी पत्र सगळ्यांनीच ऐकून झालं होतं. ताई वस्तीच्या मधोमध उभ्या राहून गोल फिरत होत्या. सगळ्या वस्तीत एकच दार जसंच्या तसं कोरं होतं, मैनाबाईचं.

मैनाबाईकडे आम्ही प्रत्येक खेपेला जायचोच. नियमात बोलायला बंदी होती, बसायला नव्हती. तिच्या अंगणात बाजेवर बसून आम्ही कोरा चहा प्यायचो. ताई आणि ती जुन्या बाळंतपणांच्या गोष्टी काढायच्या, कोणाचं मूल पायाळू होतं, कोणाच्या वेळी कंदील विझला होता. मैनाबाईचा नवरा मागच्या वर्षीच गेला होता. त्याच्याबद्दल बोलताना ती फक्त “घरचे” म्हणायची. मताचा विषय दुसऱ्या कोणी काढलाच तर ताई कपात बघायच्या. आणि मैनाबाई ताईंकडे बघत असायची, जरा जास्तच वेळ बघायची. मला ते चमत्कारिक वाटे, पण मला त्या दिवसांत सगळंच चमत्कारिक वाटत होतं.

बाकीच्या घरांतल्या बाया मात्र ताईंना फार चांगलं बोलायच्या. येतो ना, काऊन नाही येणार, सिस्टरनं सांगितल्यावर येणारच. म्हणून ताईंनी एक रंगीत तालीम ठेवली. शाळेत खोक्याला पुठ्ठा लावून मतदान यंत्र केलं, बटणं म्हणून कोटाच्या गुंड्या शिवल्या, आणि रविवारी सगळ्या बायांना बोलावलं. सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही दोघं बसलो. पुरुष आले, गुंड्या दाबून गेले, एकाने तर दोनदा दाबल्या. बाई एक नाही. पत्राच्या घरची नाही, बोलण्याच्या घरची नाही, कोणाचीच नाही. ताई खोक्याशेजारी बसून राहिल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना वही मिटून बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. “मले काई समजून नाई राह्यलं, जवाईबापू,” त्या म्हणाल्या. मला तर पहिल्या दिवसापासून समजत नव्हतं, पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

परत निघण्याआधी आम्ही सवयीने मैनाबाईकडे गेलो. तिने चहा ठेवला नाही. उंबऱ्यात उभी राहूनच म्हणाली, “सिस्टर, तू साऱ्याइच्या घरी मताचं बोलून राह्यली. माह्याच घरी चहा पेते अन् उठून जाते. मले काऊन नाई इचारत?”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी मीच काढली होती. मग त्यांनी वही पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, “इचारते. तू काऊन नाई जात वं मताले?”

मैनाबाई आत गेली आणि पेटीतून मतदार ओळखपत्र घेऊन आली. ते तिला वाचता येत नव्हतं. तिने ते ताईंच्या हाती दिलं आणि वाच म्हणाली. ताई वाचायला लागल्या. मैनाबाई, आणि पुढे नवऱ्याचं नाव. तिथे त्या थांबल्या. पुन्हा एकदा बघितलं. कार्डावर मैनाबाईच्या नावापुढे तिच्या नवऱ्याचं नव्हतं, नवऱ्याच्या थोरल्या भावाचं नाव होतं. म्हणजे तिच्या भासऱ्याचं. ज्याच्यासमोर ती लग्न होऊन आल्यापासून पदर घेतल्याशिवाय उभी राहिलेली नव्हती, ज्याच्या समोरच्या बाजेवर ती कधी बसली नव्हती, त्याची बायको म्हणून सरकारने तिला यादीत घातलं होतं.

मग तिने सगळं सांगितलं, अगदी शांतपणे. खूप वर्षांपूर्वी मतदारयादीच्या कामाला मास्तर कमी पडले, म्हणून नर्सबाईंना जुंपलं होतं. ताई फॉर्म घेऊन तिच्या अंगणात आल्या. नवऱ्याचं नाव विचारलं. वस्तीतली कोणतीही बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. शेजारीण घेते, किंवा सासू. त्या दिवशी शेजारणी रानात गेलेल्या. मैनाबाईने पदर तोंडाला लावला आणि अंगणात बसलेल्या दोघा भावांकडे हात केला. ताई घाईत होत्या, अजून सगळी वस्ती बाकी होती. त्यांनी पुरुषांकडे बघून मोठ्याने विचारलं, नाव काय. घरात थोरल्याच्या आधी धाकटा बोलत नसतो, म्हणून थोरल्याने आपलं नाव सांगितलं. ताईंनी ते लिहिलं आणि पुढच्या घरी गेल्या. मग निवडणूक आली. मैनाबाई पुढे, तिच्या मागे वस्तीच्या सगळ्या बाया. खोलीतल्या माणसाने यादीतलं नाव मोठ्याने वाचलं. पुरुषांच्या रांगेत भासरा उभाच होता. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मैनाबाईने पदर ओढला आणि माघारी फिरली. जिच्या हातांवर आपण जन्मलो ती बाई परत चालली म्हटल्यावर मागच्या बायाही परत फिरल्या. त्यानंतर ती कधी गेली नाही, म्हणून कोणीच गेलं नाही. दुरुस्ती करायची तर पुन्हा कोणीतरी टेबलामागून नाव विचारणार, आणि तेच तर तिला घेता येत नव्हतं.

“तूच लिवलं होतं, सिस्टर,” मैनाबाई म्हणाली. “तू घाईत होती, मी लाजली. कोणाचा काई दोष नाई.”

ताईंना तो दिवस आठवत नव्हता. पुलगावला चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा त्यांनी मला सांगितलं, की अंगण आठवतं, बाज आठवते, पण फॉर्म भरल्याचं काही केल्या आठवत नाही. चहा तसाच ठेवून त्या उठल्या. मला फार वाईट वाटलं. त्यांची चेष्टा करून मी इतकी वर्षं काढली, पण त्या दिवशी मला चेष्टेचं एक वाक्य सुचलं नाही.

यादी दुरुस्तीची मुदत संपायला आठवडाच राहिला होता. दोन दिवसांनी ताई कोरा अर्ज घेऊन निघाल्या. मी म्हटलं, नाव तर सगळ्या वस्तीला ठाऊक आहे, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावरही असेल, तिथून उतरवून घ्या, त्या बाईला कशाला त्रास. “मांगच्या वेळी तसंच केलं होतं म्या,” ताई म्हणाल्या. “तिले सोडून दुसऱ्याले इचारलं होतं.”

मैनाबाईने आधी मला अंगणाबाहेर जायला सांगितलं आणि मग दार लोटून घेतलं. मी बाहेर गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. शेजारच्या अंगणात तोच भासरा बाजेवर बसला होता, आता पार थकलेला. आत काय चाललंय याची त्याला कल्पना नव्हती. त्याने मला जवळ बोलावलं आणि दोन गोल काढले आहेत तर दोन घरकुलं मिळतील का, असं विचारलं. ऑइलपेंटचे गोल त्याचेच होते. मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. गाई चरून परत आल्या तरी दार लोटलेलंच होतं. मग ताई बाहेर आल्या. अर्ज भरलेला होता. त्यांनी डोळ्यांना पदर लावलेला होता आणि मागे मैनाबाई मात्र हसत होती, नव्या नवरीसारखी, सत्तरीच्या घरातली बाई. अर्ज दाखल करायला मीच गेलो, म्हणून ते नाव मी वाचलं आहे. इथे लिहीत नाही. तिने ते घेतलं तेव्हा मला बाहेर उभं केलं होतं, तेव्हा मी आता ते घेऊ नये हेच बरं.

मतदानाच्या दिवशी आम्ही शाळेपासून लांब, रस्त्याच्या कडेला थांबलो होतो. ताईंनी वही आणली नव्हती. नऊच्या सुमाराला मैनाबाई आली, धुवट लुगडं नेसून, आणि मागून वस्तीच्या बाया, लेकी, सुना, काखेत पोरं. पत्राच्या घरच्या कोण नि कोऱ्या घरच्या कोण, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. ताई रस्त्याच्या कडेलाच उभ्या राहिल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिल्या. बराच वेळ गेला. मग मैनाबाई शाळेच्या फाटकातून बाहेर आली आणि सरळ आमच्याकडे चालत आली. शाई लागलेलं बोट तिने दाखवलं नाही. ती ताईंच्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, “मोठ्यानं वाचलं त्यानं. साऱ्याइनं आयकलं.” एवढंच बोलली आणि बायांबरोबर निघून गेली.

पुढे तालुक्याच्या कचेरीतून एक तरुण साहेब ताईंना विचारायला आला, की त्या वस्तीत बायांचं मतदान एकदम एवढं कसं वाढलं, तुमचा कोणता उपाय लागू पडला. ताई म्हणाल्या, मला माहीत नाही. त्याने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. त्याच्या फॉर्मवर ‘माहीत नाही’ची चौकट नव्हती, म्हणून त्याने ‘गृहभेट’ या चौकटीत खूण केली आणि चहा पिऊन गेला. तो गेल्यावर ताईंनी त्याचा कप विसळून ठेवला. मग मला म्हणाल्या, “जवाईबापू, अशी अजून किती नावं लिवली असतीन म्या?”

तीस वर्षं, तेवढी खेडी आणि तेवढी घाई. त्याचा हिशेब कोण करणार. हल्ली महिन्यातून दोन-तीनदा ताईंचा फोन येतो आणि मी कुठलं गाव हे न विचारता स्कूटर काढतो. आम्ही कोणत्या तरी जुन्या अंगणात जाऊन बसतो. ताई एखाद्या म्हातारीला कार्ड आणायला सांगतात, ते वाचून दाखवतात आणि बरोबर आहे का ते विचारतात. म्हातारी पदर तोंडाला लावते. पूर्वी ताई एवढ्यात उठून पुढच्या घरी गेल्या असत्या. आता त्या चष्मा काढून मांडीवर ठेवतात, मला हाताने बाहेर जायची खूण करतात, आणि ती बोलेपर्यंत बसून राहतात.